माझ्या पायात पैं

"उचललास कशाला?" आबा फोनवर खेकसले.

मी पुण्यात, ऑफिसच्या जिन्यात उभी होते. एका हातात उघडा डबा, दुसऱ्या हातात फोन. जेवणाची सुट्टी तेवढीच, आणि त्या सुट्टीत वडिलांचा फोन आला म्हणून मी तोंडातला घास कसाबसा गिळून उचललेला.

"म्हणजे? तुमचा फोन आला म्हणून उचलला."

"आला म्हंजी लगी उचलायलाच पायजे व्हय? जरा दम धरवत न्हाई माणसाला?"

"आबा, काही झालंय का? आईचं बीपी..."

"आई ठणठणीत हाय. भाकऱ्या थापाय लागलीया."

"मग फोन कशाला केलात?"

"काय न्हाई. असाच. ठेव आता."

ठेव म्हणाले आणि स्वतःच ठेवला. मी चपातीचा तुकडा मोडेपर्यंत फोन पुन्हा थरथरला. पुन्हा आबाच. मगाशी काहीतरी सांगायचं राहिलं असणार, धीर झाला नसणार. मी पहिल्यापेक्षा चपळाईनं उचलला. "आबा, खरं सांगा, काय झालंय?"

पलीकडून एक लांबलचक सुस्कारा आला. "अगं ए भवाने," ते म्हणाले, "तुला काय दुसरा कामधंदा न्हाई का?"

आणि फोन कट.

ही गोष्ट पंधराएक वर्षांपूर्वीची. माझे वडील सदाशिव गुरव, पण सांगलीकडच्या आमच्या पाणंदवाडीत त्यांना नावानं कुणी हाक मारली तर ते वळूनही बघायचे नाहीत. गावाला ते 'मास्तर'. शाळेतले नव्हेत, बँडचे. लाल कोट, पिवळी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि हातात क्लॅरोनेट. पंचक्रोशीतलं लग्न मास्तरांच्या बँडशिवाय लागायचं नाही, असे दिवस मी पाहिलेत.

आबांना कागदावर लिहिलेले सूर वाचून वाजवणं येत नव्हतं आणि ते यायला हवं असंही कधी वाटलं नाही. गाणं कानानं उतरवून घ्यायचं. पण कुठलंही ऐरंगैरं गाणं नाही. त्यांचा एक नियम होता. "गाणं पिकू द्यावं लागतं," ते म्हणायचे. एकदा चहाच्या टपरीवर ऐकलं, ते कच्चं. एसटी स्टँडवर ऐकलं, ते पाडाला लागलं. आणि उसाच्या ट्रॅक्टरवर कर्ण्यातून वाजत गेलं की पिकलं. मग ते उतरवायचं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ते मला शाळेतून आल्यावर ओट्यावर बसवायचे. रस्त्यानं ट्रॅक्टर जायचे, मी ऐकायची, आणि रात्रीच्या जेवणाआधी आबांच्या कानाशी म्हणून दाखवायची. ते डोळे मिटून बसायचे. गुडघ्यावर बोटं चालायची. माझं म्हणून झालं की म्हणायचे, "परत. त्या वळणावर घाई केलीस." एखादं गाणं तीन-तीन लग्नसराया पुरायचं.

पुढं गाणी नासायला लागली. पिकायच्या आधीच शिळी व्हायची. श्रावणात आलेलं गाणं तुळशीच्या लग्नापर्यंत टिकेना. ट्रॅक्टरवाल्यांनी मेमरी कार्डं आणली, आणि एका ट्रॅक्टरवर एक तर मागच्यावर भलतंच सुरू झालं. आबा ओट्यावर बसून राहायचे आणि त्यांना काही केल्या कळायचं नाही की यातलं पिकलेलं कुठलं. आज माझी स्वतःची मुलगी कानात पांढरी बोंडं खुपसून बसते. काय ऐकतेस विचारलं तर "तुला नाही आवडणार" म्हणते, आणि मला तिच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते. निदान आमच्या वेळी गाणं कानाबाहेर सांडायचं तरी.

असो. मी पुण्याला नोकरीला गेले आणि आबांचा ओट्यावरचा कान गेला. बँड जुनीच गाणी वाजवत राहिला. गावात डॉल्बी आला. भिंतीएवढे भोंगे ट्रॅक्टरवर चढवून पोरं छाती फुटेस्तोवर आवाज करायची, आणि बँडची सुपारी देणारं घर शोधावं लागायला लागलं. दिवाळीला मी घरी गेले तेव्हा न राहवून बोलले.

"आबा, तुम्ही दोन वर्षांपूर्वीची गाणी वाजवताय. पोरं नाचत नाहीत. हसतात."

"नाचणाऱ्याला पाय असले म्हंजी झालं. गाण्याचं काय?"

"नवीन गाणी मी सांगते तुम्हाला. नाहीतर विकून टाका तो बँड. पितळेला भाव तरी येईल."

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं असं आई आजही म्हणते. मला तसं वाटत नाही. जे दिसत होतं ते बोलले. आबांनी तोंडातली करंजी ताटात काढून ठेवली. "आमची गाणी आम्ही हुडकतो," ते म्हणाले. "तुझ्या दारात मागाय येत न्हाई."

तेव्हापासून आमचं बोलणं 'कसं आहे', 'बरं आहे' एवढ्यावर आलेलं. आणि आता लग्नसराईच्या तोंडावर हे फोन.

रोज यायला लागले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. उचलला की चिडायचे, नाहीतर नुसते गप्प बसायचे आणि ठेवून द्यायचे. मी एका मोबाईल कंपनीच्या मदत केंद्रात कामाला होते. तिथं स्वतःचा फोन ड्रॉवरमध्ये ठेवावा लागायचा, आणि तो ड्रॉवरमध्ये सारखा घरघरायचा. साहेबांनी दोनदा डोळे वटारले. लोकांच्या तक्रारी ऐकायला मी पगार घेत होते, आणि माझ्याच बापाची तक्रार काय आहे ते मला कळत नव्हतं.

मी शोभाकाकूंच्या फोनवर फोन करून आईला बोलावून घेतलं. शोभाकाकू आमच्या शेजारच्या.

"आई, आबांचं काय चाललंय?"

"मला काय ठावं! फोन घिऊन गोठ्यात जाऊन बसत्यात. मी गेले तर हात हालवून हुसकत्यात. तुमचं बापलेकीचं काय हाय ते तुमचं तुम्ही बघा, मला मधी घालू नका."

"भांडायचंय का त्यांना माझ्याशी?"

"भांडायचं असतं तर भांडलं नसतं का? तोंड काय शिवलंय व्हय?"

मी फोन ठेवला.

माझं डोकं आधीच कामानं उठलेलं. मला कॉलर ट्यूनच्या विभागात बसवलं होतं. तेव्हा त्याचं भलतंच खूळ होतं. तुम्ही कुणाला फोन लावला की ट्रिंग ट्रिंगऐवजी त्यानं निवडलेलं गाणं तुमच्या कानात वाजायचं. गिऱ्हाईक विचारायचं, कुठलं गाणं लावू? आम्ही हेडफोनमधून नमुना ऐकवायचो. त्या महिन्यात सगळ्यांना एकच हवं होतं. 'हळू घे वळण, माझ्या पायात पैंजण.' एका नव्या सिनेमातलं, ठेका असा की बसलेल्याचा पाय हलावा. पण आमच्या कंपनीकडं त्याचा जो तुकडा होता, तो कुणीतरी झोपेत कापलेला. 'हळू घे वळण, माझ्या पायात पैं' एवढं म्हणून बाई तिथंच तुटायची, आणि लगेच पहिल्यापासून 'हळू घे वळण' सुरू. दिवसभर तेच. पैं. पैं. पैं. शेजारच्या खुर्चीवरची शर्वरी तर डबा उघडतानाही म्हणायची, "आज भाजीत काय आहे? माझ्या डब्यात पैं!" आम्हा मुलींना ट्यून फुकट होत्या, म्हणून मीही नवीन आली की लावून टाकायची. माझ्या फोनवर त्या महिन्यात हीच होती. स्वतःची ट्यून स्वतःला कधी ऐकू येत नाही, त्यामुळं लावली आणि विसरून गेले.

एक दिवस साहेबांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. "गुरव, घरचं प्रकरण घरी मिटवून या. तो ड्रॉवर कानाला लावून काम होत नाही आमच्याच्यानं." मी शरमेनं लाल झाले. जिन्यात जाऊन फोन पाहिला. आबांचे इतके फोन की यादी वर सरकवता सरकवता अंगठा दमला. तेवढ्यात हातातच पुन्हा वाजला.

मी उचलला नाही. बघत राहिले. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. मी पुन्हा उचलला नाही. आईला शोभाकाकूंकडून निरोप दिला की खरंच काही अडलं तर त्यांच्या फोनवरून कर, आबांचा फोन मी आठ दिवस घेणार नाही. बसू देत एकदा उत्तराची वाट बघत, कळू दे कसं वाटतं ते.

त्या आठवड्यात त्यांचे फोन दुप्पट झाले. प्रत्येक फोन अगदी शेवटापर्यंत वाजायचा. मला वाटलं, आता जीव कासावीस झाला असेल. रागातही जरा बरं वाटलं.

मग तात्यासो खोतांच्या धाकट्या मुलाचं लग्न आलं आणि मी सुट्टी घेऊन गावी गेले. खोत म्हणजे गावातलं मोठं घर. उसाचे फड, कारखान्यात वजन, आणि भावकी एवढी की दर हंगामात त्यांच्याच घरातली चार-पाच लग्नं. स्वयंपाकघरात आईनं मला सगळं सांगितलं.

"थोरला संग्राम म्हणत हुता, बँड नकोच, डॉल्बी लावू. पण तात्यासो म्हणाले, आमच्या घरात मास्तरांबिगर वरात निघाली न्हाई. शेवटाला दोन्ही ठरलं. म्होरं बँड, मागं डॉल्बीचा टॅक्टर उभा. संग्रामनं आबांना सगळ्यांम्होरं इचारलं, ते 'हळू घे वळण' गाणं येतं का? आलं तर आमच्या भावकीतली सगळी लग्नं तुमची. न्हाईतर ह्यो शेवटचा बँड."

"मग? आबा काय म्हणाले?"

"म्हणाले, यील."

मी तशीच परड्यात गेले. आबा लाल कोटाची पितळी बटणं चिंचेनं घासत बसले होते. इतक्या महिन्यांनी बापलेक समोरासमोर, आणि ते माझ्याकडं बघून चक्क हसले.

"आलीस? बरं केलंस. आज ऐक आमचा बँड."

"आबा, ते 'हळू घे वळण' येतं तुम्हाला? म्हणून दाखवू का?"

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. सगळं बसवलंय. जसंच्या तसं. तसूभर इकडचं तिकडं न्हाई."

"कुठं ऐकलंत? ट्रॅक्टरवर?"

"टॅक्टरचा काय भरवसा? आमचीबी माणसं हायत पुण्यात," ते मिशीत हसत म्हणाले. मग बटणावर हाऽ करून फडक्यानं पुसत हळूच म्हणाले, "आन् गेल्या आठवड्यात तू गप बसलीस ते लई ब्येस झालं बघ. लई सुखाचं झालं."

माझा संताप मस्तकात गेला. म्हणजे मी फोन घेतला नाही याचं यांना सुख! मी तिथून निघून आले. आईला म्हटलं, "तुझ्या नवऱ्याचं डोकं तपासून घे." आई म्हणाली, "ते तर मी लग्नातच करायला हवं हुतं."

संध्याकाळी वरात निघाली. नवरानवरी उघड्या जीपमध्ये, पुढं पोरांचा घोळका, त्याच्यापुढं बँड, आणि सगळ्यात मागं भोंग्यांनी लादलेला डॉल्बीचा ट्रॅक्टर, गप्प. मी बायकांच्या घोळक्यात बँडच्या अगदी लगत चालत होते. बँडची मंडळी आबांच्याच वयाची. ट्रम्पेटवर मिरजेचे इस्माईलचाचा, माझ्या जन्माआधीपासूनचे. मारुतीच्या देवळापाशी आल्यावर संग्राम पुढं आला. पांढरा कुडता, गळ्यात साखळी, कपाळभर गुलाल. "मास्तर, होऊ दे 'हळू घे वळण'!"

आबांनी मान डोलावली आणि मंडळींकडं वळले. इस्माईलचाचा जरा पुढं झुकले. "मास्तर, त्या जागेवर पक्कं तोडायचं ना?"

"पक्कं. सगळ्यांनी एकदम. ढोलबी मधीच थांबला पायजे. त्यातच त्याची गंमत हाय."

मला हे कसलं बोलणं ते कळेना. तेवढ्यात क्लॅरोनेट सुरू झालं आणि माझ्या तोंडाचा आ तसाच राहिला.

काय वाजवलं आबांनी! मूळ गाण्यात बाई नुसती ठसक्यात म्हणते, पण आबांनी 'हळू घे वळण' त्या सुरावर असं घसरत आणलं, की खरंच एखादी पोर वळणावर पदर सावरतेय असं वाटावं. ताशा कडकडला. पोरांनी एकच आरोळी ठोकली आणि धुरळा उडाला. खुद्द तात्यासो जीपच्या कडेला धरून मान हलवत होते. संग्रामनं रुमाल दातात धरून नाचायला सुरुवात केली. मी मनात म्हटलं, जिंकले. मास्तर जिंकले. माझी दिवाळीची सगळी बडबड मी परत घ्यायला तयार होते. 'माझ्या पायात' वर क्लॅरोनेट चढलं, ट्रम्पेट चढलं, पोरांचे हात वर गेले, आणि

पैं.

सगळं थांबलं. क्लॅरोनेट, ट्रम्पेट, ढोल, ताशा, सगळं एका क्षणी, कात्रीनं कापल्यासारखं. पोरं एक पाय वर धरून उभी. आणि त्याच क्षणी पुन्हा पहिल्यापासून 'हळू घे वळण'.

पोरं हसली. कुणाला वाटलं, मास्तरांनी गंमत केली. पुन्हा नाचायला लागली. पुन्हा 'माझ्या पायात', पुन्हा हात वर, पुन्हा पैं. या वेळी एकजण दुसऱ्याच्या अंगावर आदळला. तिसऱ्यांदा पैं झालं तेव्हा कुणी नाचत नव्हतं.

"मास्तर, पुढचं!" संग्राम ओरडला.

"ह्येच हाय!" आबा क्लॅरोनेट ओठांवरून काढून म्हणाले.

"अहो, पैंजण कुठाय पैंजण?"

"मास्तरनी पैंजण गहाण टाकलं!" घोळक्यातून कुणीतरी बोललं, आणि मग जो हशा पिकला तो थांबेचना. आबांना वाटलं, तोडण्यात चूक झाली. त्यांनी वळून ढोलवाल्याकडं डोळे काढले आणि चौथ्यांदा वाजवलं. आणखी कडक तोडलं.

ते तुटणं मला ओळखीचं होतं. दिवसभर माझ्या कानात तेच तर तुटायचं. सिनेमात नाही, ट्रॅक्टरवर नाही, टीव्हीवर नाही. त्या जागेवर ते गाणं साऱ्या जगात एकाच ठिकाणी तुटत होतं, आमच्या कंपनीच्या ट्यूनमध्ये. आणि आबा फोन लावायचे ते फक्त मला. उचललास कशाला. दम धरवत न्हाई व्हय. गप बसलीस ते ब्येस झालं. माझ्या डोक्यात एकेक वाक्य येऊन आपापल्या जागी बसलं. आणि मला रडू आलं नाही, आला तो संताप. एवढा एक शब्द, एवढं एक साधं 'जण', ते विचारायला या माणसाची जीभ रेटली नाही!

मी बायकांना बाजूला सारत घुसले आणि आबांचा कोट ओढला. "आबा! पुढं आहे ते! पैं-जण आहे! ऐका, मी म्हणते..."

"बाजूला हो. सुपारीत बायामाणसं मधी येत न्हाईत."

"अहो ऐका तर!" मी त्यांच्या कानाला तोंड लावून म्हणायला लागले, ओट्यावर म्हणायची तसं. 'पैंजण' म्हटलं, त्यापुढची ओळ म्हटली. आबांनी माझ्याकडं पाहिलं. डोळे मिटायला घेतले. क्षणभर वाटलं, उचलणार. इस्माईलचाचांनी हात वर करून मंडळींना थांबवलं.

पण संग्रामनं त्याआधीच मागं हात केला होता. ट्रॅक्टरवरच्या पोरानं कळ दाबली आणि डॉल्बी सुरू झाला. देवळाच्या पायऱ्या थरथरल्या. माझा आवाज माझा मलाच ऐकू येईनासा झाला. 'हळू घे वळण, माझ्या पायात पैंजण', अखंड, धो धो, कुठं न तुटता. पोरं जणू उपास सोडल्यासारखी तुटून पडली. घोळका पुढं आला आणि बँड आपसूक कडेला ढकलला गेला, देवळाच्या भिंतीला, नाल्याच्या काठाशी. लाल कोटवाली सगळी म्हातारी माणसं हातात वाद्यं धरून एका रांगेत, जशी काही त्यांचीच वरात बघायला उभी. तात्यासोंची जीप समोरून गेली. त्यांनी आबांकडं पाहिलं नाही.

खोतांच्या भावकीतली पुढची सगळी लग्नं डॉल्बीनं वाजवली. पण ते नंतरचं.

मी आबांच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले आणि कानाशी ओरडले, "मला विचारायचं नाही का, आबा? एक शब्द विचारला असतात तर मी सगळं गाणं म्हणून दाखवलं असतं!"

"इचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, बँड इका," तेही ओरडले.

"आणि इतकं मधेच तुटतंय, तर शंकासुद्धा आली नाही तुम्हाला? एवढी गाणी वाजवलीत आयुष्यात!"

"आली की. इस्माईलनंबी इचारलं. पैं म्हंजी काय, तो म्हणाला. म्हटलं, आताच्या पोरांना तुटकंच आवडत असंल." त्यांनी घाम पुसला. "तू तरी काय येगळी बोलतीस? हॅलो. बरं. ठेवते. सगळं तुटकच की. म्हटलं, गाणीबी तशीच निघाली असतील."

माझ्याकडं त्यावर उत्तर होतं. भांडण करायला पुरतील एवढी उत्तरं होती. दिवाळीची करंजी होती, साहेबांनी सगळ्यांसमोर उभं केलं ते होतं. मी तोंड उघडलं.

"श्शू," आबा म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले होते. डॉल्बीवर गाण्याचं पुढचं कडवं लागलं होतं, जे माझ्या ट्यूनमध्ये कधी नव्हतंच. भिंत छातीत धडधडत होती, नाल्यातलं पाणी हलत होतं, पोरं शिट्ट्या मारत होती, आणि आबांची बोटं क्लॅरोनेटच्या कळांवर न वाजवता चालायला लागली होती. एका ठिकाणी थांबली, मागं गेली, जागा शोधली, पुन्हा पुढं निघाली. शेजारी इस्माईलचाचांचीही बोटं हलत होती. समोर त्यांची सगळी लग्नसराई नाचत निघून चालली होती, आणि ही दोन माणसं नाल्याकाठी उभी राहून गाणं उतरवून घेत होती.

"पैंजण व्हय," आबा पुटपुटले. "जण हुतं म्हण की."

गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले, क्लॅरोनेट फडक्यानं पुसलं, खोळीत घातलं आणि चालायला लागले. चार पावलं गेल्यावर थांबले, वळले.

"वनिता, झालं सगळं घिऊन," ते म्हणाले. "आता फोन केला की उचलत जा."